मद्यपी वाहनचालकाची तपासणी : पुरावा किती विश्वसनीय?

यवतमाळ जिल्ह्यातून जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रीची वर्दळ मोठी असते. नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या गावांवरून तेलंगणाच्या सीमेकडे जातो. वणी परिसरातील खाणींतून कोळशाने भरलेले ट्रक बाहेर पडतात. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची त्यात भर पडते. याच रस्त्यांवरून बैलबंड्या, सायकली, शाळकरी मुले आणि आठवडी बाजाराहून परतणारी माणसे ये-जा करीत असतात. अशा रस्त्यावर एखादा चालक दारू पिऊन वाहन हाकू लागला, तर त्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. मद्यपी चालकावर कारवाई झालीच पाहिजे, याविषयी कोणाचे दुमत नाही.

प्रश्न त्यापुढचा आहे. चालक दारू प्यायलेला होता, हे न्यायालयात सिद्ध कसे होते? पोलिसाच्या हातातील यंत्राने दाखविलेला आकडा किंवा प्रयोगशाळेच्या अहवालातील टक्केवारी हा अखेरचा शब्द मानावयाचा काय? आरोपीचा वकील त्या आकड्यावर प्रश्न उपस्थित करतो, तेव्हा तो कायद्याच्या वाटेत अडथळा आणतो, की कायद्यालाच मदत करतो? पोलीस ठाणे, रुग्णालय, शाळा आणि ग्रामपंचायत यांच्याशी संबंधित असलेल्या प्रत्येकाने हे प्रश्न समजून घेणे आवश्यक आहे. कारण पुराव्याची साखळी या सर्वांच्या हातांतून जाते, आणि तिची एखादी कडी निसटली, की त्याचे फळ कधी निरपराध चालकास, तर कधी मृताच्या कुटुंबास भोगावे लागते.

कायदे दोन, आकडेही दोन

वर्धा नदी यवतमाळ आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. नदीपलीकडील वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, परवानाप्राप्त दुकाने आहेत. त्यामुळे या भागातील लोकांच्या मनात दोन निरनिराळ्या कायद्यांची अनेकदा गल्लत होते.

पहिला कायदा म्हणजे १९४९ चा मुंबई, आताचा महाराष्ट्र, दारूबंदी अधिनियम. कायद्याने मुभा नसताना दारूचे सेवन करणे हाच या अधिनियमानुसार गुन्हा होय. तेथे वाहनाचा संबंध असावा लागत नाही. दुसरा कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. त्याचे कलम १८५ वाहन चालविणाऱ्यास किंवा चालविण्याचा प्रयत्न करणाऱ्यास लागू होते. वाहन चालविताना चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असल्याचे श्वासविश्लेषक यंत्राच्या अथवा प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळले, तर तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. लायसन धारण करण्यास अपात्र ठरविण्याचा अधिकारही न्यायालयास आहे. ज्याचे पोट स्टिअरिंगवर अवलंबून आहे, त्यास ही शिक्षा दंडाहूनही जड वाटते.

दारूबंदी अधिनियमातील आकडा वेगळा आहे. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक, म्हणजे १०० मिलिलिटरमागे निदान ५० मिलिग्रॅम आहे, असे फिर्यादी पक्षाने सिद्ध केले, तर आपण घेतलेला पदार्थ औषधी स्वरूपाचा होता हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर येते. थोडक्यात, एका कायद्यात आकडा हा गुन्ह्याचाच भाग आहे, तर दुसऱ्यात तो पुराव्याचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेतो. दोन्ही ठिकाणी आकड्यावर इतके अवलंबून असल्यामुळे तो आकडा कसा मिळाला, ही बाब गौण राहत नाही.

वास, चाल आणि डोळे

यंत्रे आणि प्रयोगशाळा सर्वत्र पोहोचण्यापूर्वी दारूचा पुरावा म्हणजे तोंडाचा वास, अडखळती जीभ, झोकांड्या आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढाच असे. या पुराव्याच्या मर्यादा मुंबईतील एका गाजलेल्या खटल्याने दाखवून दिल्या. बेहराम खुर्शेद पेसिकाका हे मुंबईच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातील अधिकारी होते. २९ मे १९५१ रोजी रात्री त्यांच्या जीपची धडक बसून कुलाब्याजवळ तीन व्यक्ती जखमी झाल्या. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या तोंडाला मद्याचा वास आला. मात्र बोलणे सुसंगत होते आणि त्यांना सरळ रेषेत चालता येत होते. जेवणानंतर आपण मद्यार्कयुक्त औषधी टॉनिक घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. कनिष्ठ न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि अखेर १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांची मुक्तता केली. मनाई असलेलीच दारू घेतली गेली, हे सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर आहे, आणि नुसत्या वासाने तो पार पडत नाही, हा या निर्णयाचा आशय होय. पुढे १९५९ साली मुंबई राज्याने कायद्यात दुरुस्ती करून रक्ततपासणीची तरतूद केली आणि वर सांगितलेला ०.०५ टक्क्यांचा नियम घातला.

बचुभाई हसनअली कारयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र पुढे नेले. त्या चालकाच्या तोंडाला वास होता, चाल अस्थिर होती, बोलणे असंबद्ध होते आणि बाहुल्या विस्फारल्या होत्या. परंतु रक्ताची वा लघवीची तपासणी झाली नव्हती. त्यामुळे संशयाचा फायदा आरोपीस मिळाला.

याचे कारण वैद्यकशास्त्रात आहे. डोक्याला मार लागलेला मनुष्यही झोकांड्या खातो. मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर उतरली, तर तो बरळू लागतो. फेफरे येऊन गेलेला, किंवा दोन रात्री जागून गाडी चालविणारा चालकही मद्यपी भासू शकतो. अशा माणसास ‘दारुडा’ समजून कोठडीत बसवून ठेवले, तर प्रसंगी त्याचा जीव जाण्याचा धोका असतो. म्हणून अपघातातील चालकास दारूचा वास येत असला, तरी आधी उपचार आणि मग तपास, हाच क्रम योग्य होय.

श्वासाचे यंत्र काय मोजते?

श्वासविश्लेषक यंत्र रक्त पाहत नाही. ते फुप्फुसातील खोल हवेतील मद्यार्क मोजते. रक्तातील मद्यार्काचा काही अंश फुप्फुसातील हवेत मिसळतो. रक्ताच्या एका भागात जितका मद्यार्क, तितकाच श्वासाच्या सुमारे २,१०० भागांत, असे प्रमाण गृहीत धरून यंत्र रक्तातील आकडा काढते. १०० मिलिलिटर रक्तातील ३० मिलिग्रॅम म्हणजे एक लिटर श्वासातील सुमारे १४३ मायक्रोग्रॅम, असा हा हिशेब आहे.

हे प्रमाण सर्व माणसांत सारखे नसते, आणि एकाच माणसात सर्व वेळी सारखे राहत नाही. समजा, वणीकडून येणाऱ्या एका ट्रकचालकाच्या तपासणीत यंत्राने ३४ हा आकडा दाखविला. त्याच्या शरीरातील त्या वेळचे खरे प्रमाण २,१०० ऐवजी १,८०० असेल, तर रक्तातील आकडा २९ च्या आसपास येतो आणि तो मर्यादेच्या आत राहतो. उलट प्रमाण २,३०० असेल, तर तोच आकडा ३७ होतो. मद्यार्क शरीरात पूर्ण मुरल्यानंतर सरासरी प्रमाण २,३०० च्या जवळ असते, असे अभ्यासातून दिसते. म्हणजे पुष्कळदा यंत्र चालकाला झुकते मापच देते. परंतु न्यायालयापुढे उभा असतो तो सरासरी मनुष्य नव्हे, एक विशिष्ट मनुष्य असतो. आकडा १५० असेल, तर या वादाला फारसा अर्थ उरत नाही. तो ३४ असेल, तर सारा खटला या वादावर उभा राहू शकतो.

आणखी काही गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. नुकताच घोट घेतला असेल, ढेकर किंवा उलटी झाली असेल, किंवा मद्यार्कयुक्त द्रवाने चूळ भरली असेल, तर तोंडातील मद्यार्कामुळे आकडा फुगतो. यासाठी पंधरा ते वीस मिनिटे थांबून, चालकाने या काळात काही खाल्ले-प्यायले नाही हे पाहून, मग फुंकर घ्यावी, ही सर्वमान्य पद्धत आहे. अंगात ताप असल्यासही आकडा वाढतो. श्वासाचे तापमान एक अंशाने वाढले, तर आकडा शेकडा सहा-सात इतका चढू शकतो. काही स्वस्त यंत्रांतील संवेदक मद्यार्क आणि अन्य बाष्पे यांत नीट फरक करीत नाहीत. म्हणूनच केंद्र शासनाने मान्य केलेल्या प्रकारचेच यंत्र वापरावे, असे कायदा सांगतो. यंत्राचे अंशशोधन केव्हा झाले, तपासणीपूर्वी यंत्र शून्य दाखवीत होते काय, नळी नवी होती काय, आणि छापील पावतीवरील वेळ ठाण्याच्या नोंदीशी जुळते काय, हे चार प्रश्न कोणताही जाणता वकील विचारील. त्यांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत.

कलम २०३ अन्वये श्वासतपासणीचा निष्कर्ष पुराव्यात ग्राह्य आहे. पण ‘ग्राह्य’ आणि ‘विश्वसनीय’ हे दोन भिन्न शब्द आहेत. ग्राह्य म्हणजे न्यायालय तो पुरावा दाराशी अडविणार नाही. आत आल्यावर त्याचे वजन किती, हे न्यायालय तपासून ठरविते. या दोन शब्दांमधील अंतरातच बचावाचे सारे काम चालते.

रक्ताची कुपी आणि तिचा प्रवास

रक्ततपासणी ही श्वासतपासणीहून अधिक खात्रीची समजली जाते, आणि ते रास्तच आहे. आजच्या प्रयोगशाळांतील वायुवर्णलेखन पद्धतीने मद्यार्क इतर द्रव्यांपासून वेगळा काढून मोजता येतो. परंतु उत्तम यंत्रसुद्धा तिच्यापुढे आलेली कुपीच तपासते. ती कुपी त्याच माणसाची आहे काय, आणि रक्त घेतले तेव्हा जसे होते तसेच ते राहिले आहे काय, हे यंत्राला कळत नाही.

१९५९ च्या वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियमांत याविषयी बारकाईने सूचना दिल्या आहेत. रक्त घेताना कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होता कामा नये. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी. किमान ५ घन सेंटिमीटर रक्त शिरेतून काढावे. ते रक्त गोठू नये व नासू नये यासाठी योग्य द्रव्ये असलेल्या कुपीत घालून कुपी जोराने हलवावी. कुपीवर चिठ्ठी लावावी, लाखेने तोंड बंद करून डॉक्टरांची मोहोर उमटवावी, सोबतच्या पत्रावर त्याच मोहोरेचा ठसा द्यावा, आणि नमुना घेतल्यापासून सात दिवसांच्या आत तो तपासणी अधिकाऱ्याकडे पोहोचेल असे पाहावे.

यांपैकी प्रत्येक सूचनेला शास्त्रीय कारण आहे. सुई टोचण्यापूर्वी सवयीने स्पिरिटचा बोळा फिरविला, तर बाहेरचा मद्यार्क नमुन्यात मिसळण्याचा संभव असतो. सोडियम फ्लोराइडसारखे परिरक्षक घातले नाही, तर रक्तातील साखरेवर सूक्ष्म जीव वाढून कुपीतच मद्यार्क तयार होऊ शकतो. कुपीचे बूच सैल राहिले, तर असलेला मद्यार्क उडून जातो. पहिल्या दोषाने निरपराधी अडकू शकतो, शेवटच्या दोषाने अपराधी सुटू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळचा पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा टेबलावर विसरलेली कुपी ही लहान चूक राहत नाही.

धुळ्याची कुपी : एक बोध

या विषयावरील पायाभूत निर्णय महाराष्ट्राच्याच एका जिल्ह्यातून आलेला आहे. ३ एप्रिल १९६१ रोजी झालेल्या एका मोटार अपघातात एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि इतर काहीजण जखमी झाले. चालकास धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेण्यात आले. तेथील डॉक्टरांनी त्याचे रक्त घेऊन कुपी मोहोरबंद केली. रासायनिक परीक्षकाच्या अहवालात मद्यार्काचे प्रमाण ०.०६९ टक्के आढळले. खटला एरंडोलच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालला आणि अखेर ‘उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्याचा निर्णय १९६३ साली झाला.

आकडा स्पष्ट होता. कुपीचा प्रवास स्पष्ट नव्हता. ३ एप्रिलपासून १८ एप्रिलपर्यंत कुपी रुग्णालयात कोणाच्या ताब्यात होती, याचा पुरावा नव्हता. १८ तारखेस ती पोलिसांकडे आली आणि २० तारखेच्या पत्रान्वये मुंबईस पाठविण्यात आली. त्या काळात तिच्याशी कोणी छेडछाड करू नये म्हणून कोणती काळजी घेतली, हेही कोणी सांगितले नव्हते. कुपी घेऊन गेलेल्या खास दूताची साक्ष झाली नव्हती. परीक्षकाकडे आलेल्या कुपीवरील मोहोर डॉक्टरांनीच लावलेली होती, असे दाखविणारा पुरावा नव्हता. जो आकडा एका मृत्यूचा जाब विचारण्यास पुरेसा ठरला असता, तो या चार रिकाम्या जागांमुळे डळमळीत झाला.

न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली ही, की दारूबंदी अधिनियमाच्या कलम १२९-अ मध्ये सांगितलेला मार्ग हाच रक्तातील मद्यार्क सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग नव्हे. अन्य रीतीनेही तो सिद्ध करता येतो. म्हणजे तांत्रिक चूक झाली, की पुरावा आपोआप बाद, असे नाही. दुसरी ही, की पहिल्या वेळी राहून गेलेली उणीव भरून काढण्यासाठी फिर्यादी पक्षास खटला पुन्हा मुळापासून चालविण्याची संधी सहजासहजी देता येत नाही. म्हणून फेरखटल्याचा आदेश रद्द करून अपिलातच आवश्यक तो जादा पुरावा घेण्याची वाट न्यायालयाने दाखविली.

वेळेचा हिशेब

कायदा विचारतो, ‘वाहन चालविताना’ रक्तात किती मद्यार्क होता? तपासणी मात्र नंतर होते. म्हणून अटक केलेल्या चालकाची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत व्हावी, अन्यथा त्यास सोडून द्यावे, असे कलम २०२ सांगते. उमरखेडसारखा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभरावर किलोमीटर दूर आहे. तेथे मध्यरात्री अटक झाली आणि चालकाला थेट यवतमाळला नेण्याचे ठरले, तर ही मुदत रस्त्यातच संपण्याची भीती असते. जवळच्या शासकीय रुग्णालयात तपासणी करून घेणे हाच त्यावर उपाय आहे.

दारू घेतल्यानंतर साधारण अर्ध्या ते दीड तासात रक्तातील प्रमाण शिखरावर जाते आणि मग दर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरते. व्यक्तिपरत्वे हा वेग १० ते २५ पर्यंत असू शकतो. अपघातानंतर तीन तासांनी घेतलेल्या रक्तात २० मिलिग्रॅम आढळले, तर मागे हिशेब करता अपघाताच्या वेळी ५० पासून ९५ पर्यंत कितीही प्रमाण असू शकेल. आणि अपघाताच्या क्षणी दारू अद्याप पोटातच असेल, तर हा हिशेबही लागू पडत नाही. खेड्यात आणखी एक गोष्ट घडते. भेदरलेल्या चालकाला धीर यावा म्हणून कोणी अपघातानंतर घोटभर दारू पाजतो. तो घोट पुराव्याची सारी दिशा बदलून टाकतो. म्हणून अपघाताची, अटकेची, फुंकर घेतल्याची आणि रक्त काढल्याची, अशा चारही वेळांची स्वतंत्र नोंद असणे अगत्याचे आहे.

आरोपीचे अधिकार आणि त्यांच्या मर्यादा

अटकेचे कारण जाणून घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने प्रत्येकास दिला आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीस, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला व अल्प उत्पन्न असणारे यांना विधी सेवा प्राधिकरणामार्फत विनामूल्य वकील मिळू शकतो. कोलाम, गोंड, पारधी अशा समाजांतील चालकांना हे ठाऊक असतेच असे नाही. ते त्यांना सांगणे हे शिक्षक व पंचायत सदस्य यांचे काम आहे. स्त्री चालकाच्या रक्ताचा नमुना स्त्रीकडून अथवा स्त्रीच्या उपस्थितीत घेतला पाहिजे.

याबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तपासणीस नकार दिल्याने सुटका होते, हा समज चुकीचा आहे. सबळ कारणावाचून नकार दिल्यास तो फिर्यादी पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारा मानता येतो, असे कलम २०५ मध्ये म्हटले आहे. त्याचप्रमाणे, फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा मिळाला म्हणजे विमा कंपनीपुढेही तो मिळेलच असे नाही. २०२१ साली एका विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पॉलिसीतील नशेविषयीची अट लागू करण्यासाठी रक्ततपासणीचा अहवाल असलाच पाहिजे असे नाही. परिस्थितीजन्य पुरावाही विचारात घेता येतो. तुरुंगात पाठविण्यासाठी लागणारी खात्री आणि पैशाच्या दाव्यासाठी लागणारी खात्री यांत हा फरक आहे.

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ अन्वये तज्ज्ञास न बोलाविताही पुराव्यात घेता येतो. पण न्यायालय त्या तज्ज्ञास बोलावून त्याची साक्ष घेऊ शकते. अहवालात कोणती पद्धत वापरली, किती रक्त मिळाले, मोहोर शाबूत होती काय, याचा उल्लेख नसेल, तर बचाव पक्षाने अशी विनंती करणे गैर नाही.

कोणी काय करावे?

पोलीस अंमलदाराने संशयाचे कारण, यंत्राचा क्रमांक, वेळ आणि आकडा स्टेशन डायरीत तेथल्या तेथे लिहावा. वैद्यकीय अधिकाऱ्याने नुसते ‘वास येतो’ एवढ्यावर न थांबता बोलणे, चाल, बाहुल्या, जखमा व पूर्वीचे आजार नोंदवावेत. रक्त कोणत्या द्रवाने त्वचा पुसून घेतले, हे एका ओळीत लिहावे. रुग्णालयात कुपी शीतपेटीत ठेवावी आणि ती कोणी ठेवली, कोणी काढली, याच्या सह्या नोंदवहीत घ्याव्यात. मुद्देमाल कारकुनाने तारीख व वेळ घातल्यावाचून कुपी स्वीकारू नये वा देऊ नये. यवतमाळहून अमरावतीची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा नव्वदएक किलोमीटरवर आहे. हे अंतर सात दिवसांत कापता येत नाही, असे कोणासही म्हणता येणार नाही.

पोलीस पाटील आणि पंचायत सदस्य बहुधा अपघाताच्या जागी सर्वांत आधी पोहोचतात. जखमींना दवाखान्यात पाठवावे, चालकास जमावाच्या मारापासून वाचवावे, त्यास काही पिण्यास देऊ नये, आणि घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी. मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात तशी तरतूद झाली आहे. पंच म्हणून सही करावयाची असेल, तर स्वतः पाहिले तेवढ्यावरच सही करावी. न पाहिलेल्या गोष्टीवरील सही उलटतपासणीत टिकत नाही, आणि तिच्याबरोबर खरा पुरावाही वाहून जातो.

बचावाचा वकील कुपीचा हिशेब मागतो, म्हणून त्याला दारुड्यांचा पाठीराखा समजण्याचे कारण नाही. ज्या तपासाला या प्रश्नांची उत्तरे देता येतात, त्या तपासातून झालेली शिक्षा अपिलातही टिकते. धुळ्याच्या त्या खटल्यात एका मृत्यूचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेथे शोध सुरू झाला तो पंधरा दिवस कुपी कोणाजवळ होती, याचा. तारीख, वेळ आणि सही यांच्या तीन ओळी त्या वेळी रुग्णालयाच्या नोंदवहीत लिहिलेल्या असत्या आणि त्या न्यायालयापुढे आल्या असत्या, तर हा शोध तेथेच संपला असता. त्या तीन ओळी आज प्रत्येक ठाण्यात आणि प्रत्येक रुग्णालयात लिहिता येतात. त्यासाठी नव्या निधीची किंवा नव्या यंत्राची आवश्यकता नाही.